पावसाच्या कडेची मिनिटे: विमानतळावरच्या हवामान यंत्रणेने किती उशीर वाचवला, हे कसे मोजायचे

जुलैमधली संध्याकाळ, सहाचा सुमार. सांताक्रूझवर काळाकुट्ट ढग उतरलाय आणि मुंबईकडे निघालेली विमाने आकाशात घिरट्या घालताहेत. पाऊस सहा चाळीसला ओसरतो, पण उतरणाऱ्या विमानांचा वेग पूर्ववत व्हायला सात वाजतात. मधल्या वीस मिनिटांत आकाश मोकळे होते, धावपट्टीही मोकळी होती. मोकळी झाल्याची खात्री मात्र कुणाला नव्हती.

हा लेख त्या वीस मिनिटांबद्दल आहे. डॉपलर रडार, वाऱ्याचे संवेदक, धावपट्टीवरची दृश्यता मोजणारी उपकरणे, तासाभराचा अंदाज दाखवणारा पडदा या सगळ्यावर मोठा खर्च होतो. मग साहजिकच कुणीतरी विचारते, "याने उशीर किती कमी झाला?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा घाईघाईत दिले जाते. वर्षभराचा हवामानामुळे झालेला उशीर घ्यायचा, त्याच्या वीस-पंचवीस टक्के यंत्रणेच्या नावावर टाकायचे, झाले काम. असा तक्ता मी बैठकीत पाहिलेला आहे. त्यातले टक्के कुठून आले ते तक्ता करणाऱ्यालाही सांगता आले नव्हते.

यंत्रणा पाऊस थांबवत नाही. धावपट्टीवर ढगफुटी झाली तर जगातले उत्तम रडारही विमान उतरवू शकत नाही. यंत्रणेमुळे वाचतात ती पावसाच्या दोन्ही कडांची मिनिटे: सुरुवातीला उगाच आधी थांबलेली आणि शेवटी उगाच थांबून राहिलेली. म्हणून मोजायच्याही त्या कडाच. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. उदाहरण मुंबईचे घेतले आहे, कारण तिथे हा हिशेब सगळ्यात स्पष्ट दिसतो.

मुंबईच का

मुंबई विमानतळाच्या ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात (आकडे दोन्ही टोकांच्या दिशा सांगतात; २७ म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरणे). दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, त्यामुळे व्यवहारात हा एका धावपट्टीचा विमानतळ आहे. गर्दीच्या वेळी तासाला ४६ च्या आसपास उड्डाणे-अवतरणे त्यावर बसवलेली असतात. म्हणजे मोकळी जागा जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी क्षमता थोडी जरी घटली तरी रांग लागते आणि एकदा लागलेली रांग लवकर सरत नाही. रांग का सरत नाही याचे गणित पुढे येईल. संपूर्ण अंदाजाची किल्ली त्यातच आहे.

पहिली पायरी: घटना निवडा, दिवस नव्हे

"२ जुलैला पाऊस होता" हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. आपल्याला घटना हवी: कधी सुरू झाली, कधी संपली, तेव्हा किती विमाने येत होती. यासाठी पहिला कागद म्हणजे मेटार, विमानतळाचा अधिकृत हवामान अहवाल. मुंबईसारख्या विमानतळावर तो दर अर्ध्या तासाने निघतो आणि मधेच मोठा बदल झाला तर विशेष अहवाल येतो, त्याला स्पेसी म्हणतात. मेटारचे जुने संग्रह खुले आहेत; आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचा संग्रह अभ्यासकांना ठाऊक असतो.

समजा एक अहवाल असा आहे: व्हीएबीबी ०२१२३०झेड २५०१६जी२८केटी १२०० +टीएसआरए. व्हीएबीबी म्हणजे मुंबई. ०२ तारीख, १२३० वेळ. वारा २५० अंशांवरून १६ नॉट, झोत २८ नॉटपर्यंत. दृश्यता १२०० मीटर. अधिक चिन्ह आणि टीएसआरए म्हणजे गडगडाटासह जोरदार पाऊस.

इथेच पहिली चूक होते. शेवटचे 'झेड' अक्षर सांगते की वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. भारतीय वेळ मिळवायला साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे हा अहवाल संध्याकाळी सहाचा. विमान कंपन्यांची वेळापत्रके मात्र स्थानिक वेळेत असतात. माझ्या सुरुवातीच्या एका हिशेबात दोन्ही याद्या तशाच जुळवल्या गेल्या आणि दुपारच्या रिकाम्या तासांवर संध्याकाळचा पाऊस पडला. आकडे वेडेवाकडे दिसले म्हणून चूक सापडली. थोडे कमी वेडेवाकडे असते तर सापडली नसती. तारीखही बदलते हे विसरू नका. १ जुलैला पहाटे दोनला उतरलेले विमान जागतिक वेळेत ३० जूनच्या साडेआठच्या रात्रीत बसते. म्हणून सगळ्या याद्या आधी एकाच वेळेत आणा, मगच पुढे जा.

मेटारवरून यादी करताना जून ते सप्टेंबरमधली प्रत्येक गडगडाटी किंवा जोरदार पावसाची नोंद, दीड हजार मीटरखालची दृश्यता आणि वाऱ्याच्या दिशेतला मोठा पालट वेगळा काढा. मे महिना वगळू नका. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईवर धुळीचे वादळ आले तेव्हा विमानतळाचे काम तासाभराहून अधिक थांबले आणि पंधरा विमाने दुसरीकडे वळवावी लागली. मोसमी पावसाच्या मोजणीत हा दिवस येत नाही, पण यंत्रणेची खरी कसोटी अशाच दिवशी लागते, कारण वळीव आणि वावटळी झपाट्याने येतात.

अर्ध्या तासाचा मेटार कडा दाखवायला पुरेसा नाही. पाऊस सहा चाळीसला थांबला की सहा पंचावन्नला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रडारची चित्रे लागतात. मुंबईला भारतीय हवामान विभागाची दोन डॉपलर रडार आहेत, एक कुलाब्याला आणि दुसरे वेरावलीला. त्यांच्या चित्रांत विमानतळाच्या आणि धावपट्टी २७ कडे येणाऱ्या मार्गाच्या डोक्यावरचा ढग नेमका कधी सरकला ते पाहा. विमानतळावर कोरडे पण नवी मुंबईच्या बाजूने येणाऱ्या वाटेवर ढग, हेही खूपदा होते. मेटार तेव्हा निर्दोष दिसतो आणि विमाने तरीही थांबलेली असतात.

दुसरी पायरी: नोंदलेल्या उशिरावर विसंबू नका

उशिराची अधिकृत आकडेवारी दोन ठिकाणी मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला वेळेवर सुटणाऱ्या विमानांचे प्रमाण देते. ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत सुटलेले विमान वेळेवर धरतात. त्यात कारणांची वाटणीही असते. दुसरी नोंद कंपन्यांकडची, आंतरराष्ट्रीय संकेतांकांतली: ७१ म्हणजे निघायच्या ठिकाणचे हवामान, ७२ म्हणजे पोचायच्या ठिकाणचे, ७३ वाटेतले, ७७ म्हणजे हवामानामुळे जमिनीवरची कामे रखडली, ८४ म्हणजे पोचायच्या ठिकाणच्या हवामानामुळे वाहतूक नियंत्रणाने थांबवले, आणि ९३ म्हणजे तेच विमान आधीच्या फेरीहून उशिरा आले.

या शेवटच्या ९३ मध्ये सगळी गोम आहे. मासिक अहवालात 'आधीच्या फेरीचा परिणाम' हे कारण सहसा सगळ्यात मोठे असते. मुंबईच्या सकाळच्या पावसाने एक विमान अडकले की दुपारी बेंगळुरूला, संध्याकाळी कोलकात्याला त्याची नोंद ९३ म्हणून होते, हवामान म्हणून होत नाही. फक्त ७१-७२ मोजले तर पावसाचा खरा भार फार कमी दिसतो. उलट टोकाला, सगळे ९३ हवामानाच्या खात्यात टाकले तर तांत्रिक बिघाड आणि उशिरा आलेले कर्मचारीही पावसात भिजतात.

म्हणून संकेतांक फक्त पडताळणीला ठेवा. मूळ हिशेब रांगेवरून करा.

तिसरी पायरी: क्षमता आणि मागणी वेगळी काढा

प्रत्येक घटनेसाठी चार आकडे लागतात. कोरड्या वेळी तासाला किती विमाने उतरू शकतात. पावसात किती. तेव्हा तासाला किती येणार होती. आणि घटना किती वेळ चालली.

पावसातली क्षमता काढायला प्रत्यक्ष उतरण्याच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांच्या खणांत मोजा. विमानतळाची नोंद हाती नसेल तर विमाने स्वतःहून जे स्थान प्रसारित करतात त्याचे संग्रह आहेत. ओपनस्काय नेटवर्कचा संग्रह संशोधनासाठी वापरतात, फक्त आपल्या विमानतळाजवळ, कमी उंचीवर त्याची पोच पुरेशी आहे का ते आधी तपासा. मोजताना एक पथ्य पाळा: ज्या खणात विमाने घिरट्या घालत होती, म्हणजे रांग होती, तोच खण क्षमतेसाठी धरा. रांग नसताना पंधरा मिनिटांत तीन विमाने उतरली तर त्याचा अर्थ इतकाच की तीनच आली होती.

मागणी काढताना उलटे पथ्य. प्रत्यक्ष उतरलेल्यांची संख्या घेऊ नका, ती आधीच पावसाने चेपलेली असते. पाऊस नसता तर विमान कधी उतरले असते, ती वेळ हवी. कोरड्या दिवशी त्या मार्गाला लागणारा मधला वेळ घ्या आणि सुटण्याच्या वेळेत मिळवा. वाहतूक नियंत्रणाने विमान दिल्लीतच रोखून धरले असेल तर प्रत्यक्ष सुटण्याची वेळ चालणार नाही, वेळापत्रकाची धरावी लागेल. वेळापत्रकात कंपन्यांनी आधीच थोडी सैल वेळ घातलेली असते, म्हणून पोचण्याची छापील वेळ तशीच उचलू नका.

चौथी पायरी: रांगेचा त्रिकोण

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. कोरडी क्षमता तासाला २४ अवतरणे, पावसात १२, आणि येणारी विमाने तासाला २०. क्षमता संध्याकाळी सहा ते सात घटलेली राहिली.

सहा ते सात या तासात २० आली, १२ उतरली, ८ अडकली. सातनंतर क्षमता २४, येणारी २०, म्हणजे रांगेतली तासाला फक्त ४ कमी होतात. आठ विमाने संपायला दोन तास, म्हणजे रांग नऊला संपली. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर रांगेतली विमाने मांडली तर एक त्रिकोण दिसतो: पाया तीन तास, उंची ८. क्षेत्रफळ १२ विमान-तास (एक विमान तासभर अडकले की एक विमान-तास), म्हणजे ७२० विमान-मिनिटे. एका तासाच्या पावसाने तीन तासांची रांग लावली.

आता समजा पडद्यावर ढगाची मागची कड स्पष्ट दिसत होती, म्हणून पूर्ण क्षमता सातऐवजी पावणेसातला सुरू झाली. अडकलेली विमाने ६, ती संपायला दीड तास. पाया सव्वादोन तास, उंची ६, क्षेत्रफळ ६.७५ विमान-तास, म्हणजे ४०५ मिनिटे. वाचली ३१५ मिनिटे.

हे नीट पाहा. पाव तास वाचला म्हणजे घटना चौथ्या हिश्शाने आखूड झाली, पण उशीर ४४ टक्क्यांनी उतरला. कारण उशीर घटनेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोरडी क्षमता, पावसातली क्षमता आणि मागणी कायम असेल तर एकूण उशीर काढायचे सूत्र असे: घटनेच्या तासांचा वर्ग, गुणिले मागणी आणि पावसातली क्षमता यांतला फरक, गुणिले दोन्ही क्षमतांमधला फरक, भागिले कोरडी क्षमता आणि मागणी यांतला फरक, आणि शेवटी निम्मे. उत्तर विमान-तासांत येते. सूत्राची अट एवढीच, की मागणी पावसातल्या क्षमतेहून जास्त आणि कोरड्या क्षमतेहून कमी हवी.

भागाकारातला शेवटचा फरक म्हणजे मोकळी जागा, आणि सगळी ताकद तिच्यात आहे. मागणी २० ऐवजी २२ करा. तोच तासभराचा पाऊस आता १,८०० मिनिटांचा उशीर करतो आणि तीच पंधरा मिनिटे वाचली तर ७८८ मिनिटे वाचतात. कमी वर्दळीच्या वेळी, मागणी १४ असताना, तोच पाऊस फक्त ७२ मिनिटांचा आणि बचत ३२ मिनिटांची. यंत्रणा तीच, पाऊस तोच, वाचलेली मिनिटे तीच; फळ पंचवीसपट वेगळे. गर्दीच्या विमानतळावर हवामान यंत्रणा बसवणे का परवडते आणि शांत विमानतळावर तोच दावा का फुगवलेला वाटतो, याचे उत्तर या ओळीत आहे.

पाचवी पायरी: वाचवता येण्यासारखे किती होते

याच घटनेत पाऊस खरा सहा चाळीसला संपला होता, हे रडारवरून आपल्याला माहीत आहे. समजा नियंत्रकाला ते त्याच क्षणी पक्के कळले असते. मग घटना चाळीस मिनिटांची आणि उशीर ३२० मिनिटांचा. परिपूर्ण माहिती असूनही हे ३२० उरतातच. हा पावसाचा खरा हिस्सा. उरलेले ४०० वाचवण्यासारखे होते, त्यातले ३१५ वाचले.

प्रत्येक घटनेसाठी हे तिन्ही आकडे काढाच: माहितीशिवायचा उशीर, यंत्रणेसह उशीर, परिपूर्ण माहितीचा उशीर. तुमचा दावा पहिल्या आणि तिसऱ्यातल्या अंतरापेक्षा मोठा निघाला तर कुठेतरी चूक आहे, मग तक्ता कितीही सुबक असो.

सहावी पायरी: यंत्रणा नसती तर काय झाले असते

सगळ्यात अवघड भाग हा. "सात वाजता" हा आकडा आला कुठून? यंत्रणा असताना पावणेसातला क्षमता सुरू झाली हे नोंदीत आहे. नसती तर कधी झाली असती, हे कुठेच लिहिलेले नाही.

आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची थेट तुलना हा सोपा मार्ग आहे, आणि तो बहुतेक वेळा फसवतो. वर्षांमध्ये वाहतूक बदलते, २०२० आणि २०२१ तर तुलनेसाठी बादच धरावी लागतात. धावपट्टीवरून लवकर बाहेर पडायच्या नव्या वाटा होतात, दोन विमानांतल्या अंतराचे नियम बदलतात. १ जुलै २०१९ च्या रात्रीची गोष्ट घ्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच रात्री एक विमान उतरल्यावर धावपट्टी ओलांडून पुढे गेले. मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. त्या आठवड्याचा उशीर पावसाचा किती आणि बंद धावपट्टीचा किती, हे सरासरीतून कधीच निघणार नाही. असे दिवस यादीतून काढून वेगळे ठेवा.

त्यापेक्षा चांगला मार्ग अमेरिकेत न्यूयॉर्कच्या विमानतळांवर वापरला गेला. तिथे १९९८ पासून आयटीडब्ल्यूएस ही एकात्मिक हवामान यंत्रणा प्रायोगिक स्वरूपात चालू होती आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन लॅबोरेटरीच्या अभ्यासकांनी तिचा फायदा मोजला. त्यांनी यंत्रणा वापरणाऱ्या माणसांना विचारून, त्यांच्या निर्णयांना रांगेच्या गणिताची जोड दिली. भारतातही हे करता येते.

विचारायचे ते घटनेनंतर दोन-तीन दिवसांत, स्मृती ताजी असताना. "यंत्रणा उपयोगी वाटते का?" हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. रडारचे चित्र आणि उतरण्याच्या वेळांचा तक्ता समोर ठेवा आणि बोट ठेवून विचारा, "इथे, सहा बेचाळीसला, तुम्ही अप्रोचला, म्हणजे उतरणाऱ्या विमानांच्या नियंत्रकाला, विमाने पुन्हा सोडायला सांगितली. त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होते? हा पडदा नसता तर कशाची वाट पाहिली असती?" अनुभवी माणूस मग नेमके बोलतो. पुढच्या वैमानिकाने वाट मोकळी असल्याचे सांगेपर्यंत थांबलो असतो, किंवा सात वाजताच्या मेटारची वाट पाहिली असती. या उत्तरात तुमचा आकडा असतो. एकच आकडा मागू नका; लवकरात लवकर आणि उशिरात उशीर असा पट्टा मागा, आणि किमान दोघांना, एकमेकांसमोर नाही, असे विचारा.

दुसरी पडताळणी जोडीदार घटनांची. यंत्रणा बंद पडली होती किंवा चित्र येत नव्हते अशी एखादी संध्याकाळ शोधा. त्याच तीव्रतेचा, त्याच वेळेचा, तितक्याच वर्दळीचा दुसरा पाऊस शोधा. अशा जोड्या फार थोड्या मिळतात, पण पाच मिळाल्या तरी मुलाखतीतला पट्टा खरा की फुगलेला ते कळते.

कडा फक्त शेवटची नसते

सुरुवातीची कडही मोजा. ढग पंधरा मिनिटांवर आहे हे पक्के दिसत असेल तर तोवर पाच-सहा विमाने आणखी उतरवता येतात. गणित तेच, घटना पुढून आखूड होते.

वारा फिरण्याच्या वेळी फायदा वेगळा दिसतो. पावसाळ्यात मुंबईत पश्चिमेचा वारा, म्हणून २७ ची बाजू चालते. वळवाच्या आधी झोत पूर्वेकडून येऊ लागला तर शेपटीकडून वारा साधारण दहा नॉटच्या पुढे चालत नाही आणि दिशा बदलावी लागते. अचानक बदलली तर शेवटच्या टप्प्यातली विमाने पुन्हा वर जातात. वीस मिनिटे आधी कळले तर रांगेत फट पाडून बदलता येते. वाचलेली प्रत्येक फेरी आणि वाया न गेलेली प्रत्येक जागा इथे मोजायची.

सॅन फ्रान्सिस्कोला पाऊस नाही, समुद्रावरून येणारा सकाळचा खालचा ढग आहे. तिथल्या समांतर धावपट्ट्या एकमेकींपासून जेमतेम २३० मीटरवर असल्याने ढग असताना जोडीने उतरता येत नाही आणि तासाला ६० ची क्षमता ३० वर येते. ढग कधी विरेल याच्या अंदाजावरच तिथला सगळा हिशेब चालतो. म्हणजे तिथेही मोजायची ती शेवटचीच कड.

दिल्लीच्या धुक्याला मात्र त्रिकोणाचे सूत्र जसेच्या तसे लावू नका. तिथे क्षमता पायऱ्यांनी उतरते: धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटरच्या खाली गेली की उपकरणांच्या आधाराने उतरण्याची साधी, म्हणजे पहिली, श्रेणी संपते, ३०० च्या खाली दुसरी श्रेणी संपते, त्याखाली फक्त तिसऱ्या श्रेणीची विमाने आणि तसे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक उतरू शकतात. तिथला मोठा फायदा आदल्या संध्याकाळच्या अंदाजाचा, कारण योग्य वैमानिक योग्य विमानावर तेव्हाच लावता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर चालवलेला धुक्याचा प्रयोग, विफेक्स, याच अंदाजासाठी होता.

सातवी पायरी: खोटा इशारा वजा करा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. यंत्रणा म्हणाली पाऊस येतोय, क्षमता २४ वरून १२ केली, आणि ढग बाजूने निघून गेला. धावपट्टीवरची रिकामी गेलेली जागा साठवून ठेवता येत नाही. पंधरा मिनिटांच्या अशा एका चुकीची किंमत आपल्याच सूत्राने काढा: तासाला २० ची वर्दळ असताना ४५ विमान-मिनिटे. म्हणजे असे सात खोटे इशारे एका चांगल्या घटनेची ३१५ मिनिटे पूर्ण खाऊन टाकतात. घटनांची यादी करताना 'काहीच झाले नाही' अशा इशाऱ्यांची यादीही त्याच मन लावून करा.

रद्द झालेली आणि वळवलेली विमाने वेगळ्या रकान्यात ठेवा. वीस विमाने रद्द झाली की रांग आपोआप आखूड होते आणि उशिराचा आकडा सुंदर दिसतो. ते श्रेय यंत्रणेचे नाही.

आठवी पायरी: पुढे सरकलेला उशीर

एका विमानाला मुंबईत उतरायला ३० मिनिटे उशीर झाला. पुन्हा सुटायला वेळापत्रकात ४५ मिनिटे, प्रत्यक्षात ३५ पुरतात, म्हणजे १० मिनिटांची सवड. ते २० मिनिटे उशिरा सुटते, पुढे १० मिनिटे, त्यापुढे वेळेवर. ३० ची बेरीज ६० झाली, म्हणजे गुणक दोन. असे प्रत्येक विमानाच्या नोंदणी क्रमांकावरून दिवसभराचा माग काढून मोजा. दुसऱ्या देशातला किंवा दुसऱ्या अहवालातला गुणक उचलून लावू नका, कारण तो तिथल्या सवडीवर अवलंबून असतो. सकाळच्या घटनेचा गुणक मोठा येईल, रात्री अकराच्या घटनेचा जवळजवळ नसेल.

हवेतला उशीर जमिनीवर आणणे

यंत्रणेचा एक फायदा मिनिटांत दिसतच नाही. आधी कळले तर मुंबईकडे निघणारे विमान अहमदाबाद किंवा हैदराबादच्या स्टँडवरच थांबवता येते. प्रवाशाला उशीर तेवढाच, पण घिरट्या टळतात. ए३२० सारखे विमान घिरट्या घालताना ढोबळमानाने मिनिटाला ४० किलोच्या आसपास इंधन जाळते. आपल्या उदाहरणातल्या ४०५ पैकी १५० मिनिटे जमिनीवर आली असती तर सुमारे ६,००० किलो इंधन वाचले असते. एक किलो इंधनामागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे जवळपास १९ टन. हे उशिराच्या बचतीत मिळवू नका, वेगळ्या ओळीत लिहा. नाहीतर तीच मिनिटे दोनदा मोजली जातात.

वर्षाचा आकडा

शेवटी कुणाला तरी वार्षिक आकडा हवाच असतो. एका घटनेची बचत काढून पावसाच्या दिवसांनी गुणायचा मोह आवरा, आणि सरासरी वर्दळीवर एकदाच हिशेब करण्याचाही. का, ते आपल्याच आकड्यांत दिसते. दहा घटना घ्या: पाच कमी वर्दळीच्या (१४), चार मध्यम (२०), एक गर्दीची (२२). वेगवेगळ्या मोजल्या तर बचत २,२०५ मिनिटे. सरासरी वर्दळ १७.२ धरून मोजली तर १,२०४. जवळजवळ निम्मी बचत सरासरीत विरघळली, कारण ती एक गर्दीची संध्याकाळ एकटीच कमी वर्दळीच्या पाचही घटनांना भारी असते.

म्हणून घटनांचे गट करा: वर्दळीचे तीन, लांबीचे तीन, एवढे पुरेत. चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदींवरून प्रत्येक गटात वर्षाला सरासरी किती घटना येतात ते मोजा, प्रत्येक गटाची बचत त्याने गुणा, खोट्या इशाऱ्यांची किंमत वजा करा, मग बेरीज. मुलाखतीतल्या पट्ट्याची दोन्ही टोके घालून हाच हिशेब आणखी दोनदा करा आणि अहवालात तिन्ही उत्तरे छापा. पट्टा रुंद आला तर तो रुंदच छापा.

त्यानंतर आलेला पहिला पावसाळा पडताळणीसाठी राखून ठेवा. मे महिन्यातच आपल्या गटांची अपेक्षित बचत लिहून, तारीख घालून ठेवा. प्रत्येक घटनेच्या दुसऱ्या दिवशी रडारचे चित्र, उतरण्याच्या वेळा आणि नियंत्रकाचे दोन वाक्यांतले म्हणणे एकाच पानावर नोंदवा. ऑक्टोबरमध्ये ती पाने आणि मे महिन्यातला कागद शेजारी ठेवून गटागटाने फरक मांडा, आणि जिथे फरक मोठा आहे तिथली घटना पुन्हा पहिल्या पायरीपासून मोजा.